आडात नाही तर पोहऱ्यात कोठून? — बडोद्याच्या पाण्याचा एक अभ्यास

बेळगावात शिकायला आले त्या पहिल्याच सकाळची गोष्ट. आत्याच्या परसात मी दात घासत उभी होते आणि नेहमीच्या सवयीने शेजारचा नळ सोडून ठेवला होता. आत्या आतून आली. काही न बोलता तिने नळ बंद केला आणि विहिरीच्या काठावरचा तांब्या भरून माझ्या हातात दिला. मग सहज विचारावे तसे तिने विचारले, "काय ग, तुमच्या बडोद्याला पाणी कुठनं येतं?"

मी म्हटले, "नळातून."

घरातली सारी माणसे हसली. मीही हसले, पण तो प्रश्न मनातून जाईना. जन्मापासून ज्या शहराचे पाणी प्याले, ते पाणी कोठून येते हे मला ठाऊक नव्हते. आत्याला मात्र आपले पाणी माहीत होते. नळाचे राकसकोपचे नाही तर हिडकलचे, भांड्याधुण्याचे परसातल्या विहिरीचे. चैत्रात विहिरीच्या कितव्या पायरीपर्यंत पाणी उतरते आणि मिरगानंतर किती दिवसांनी चढते, हेही तिला तोंडपाठ होते. मग उन्हाळ्याच्या सुटीत घरी गेले तेव्हा मी ठरवले की आत्याच्या प्रश्नाचे खरे उत्तर शोधून काढायचे. प्रस्तुत लेख म्हणजे ते उत्तर होय. विषय बडोद्याचा असला तरी प्रश्न कोणत्याही वाढत्या शहराचा आहे, म्हणून तो आपल्या अंकातून वाचकांपुढे ठेवत आहे.

मकरपुऱ्यातील एक वर्ष

आमचे घर बडोद्याच्या दक्षिण टोकाला, मकरपुऱ्यात आहे. मकरपुऱ्याचे नाव ऐकले की जुन्या माणसांना तेथला राजवाडा आठवतो. खंडेराव महाराज गायकवाडांनी १८७० च्या सुमारास उन्हाळ्यातील निवासासाठी तो बांधला आणि पुढे सयाजीराव महाराजांनी वाढवला. त्याची बाग कारंज्यांसाठी प्रसिद्ध होती. आज त्या वाड्यात वायुदलाचे प्रशिक्षण केंद्र आहे. आमच्यासारख्यांना मात्र मकरपुरा म्हणजे औद्योगिक वसाहत. माझे बाबा तेथल्या एका लहान कारखान्यात फिटर आहेत. आमची चार मजली सोसायटी, चोवीस बिऱ्हाडे, गच्चीवर एक टाकी, जमिनीखाली एक टाकी आणि अंगणात एक बोअर. त्या बोअरचे पाणी मचूळ. त्यात साबणाला फेस येत नाही आणि भांडी सुकली की त्यांवर पांढरा थर धरतो.

२०१९ साली मी सातवीत होते. त्या वर्षीच्या मे महिन्यात नळाचे पाणी इतक्या कमी दाबाने येऊ लागले की खालची टाकीसुद्धा अर्धी भरेना. आई पहाटे उठून पिंप, घागरी, कळश्या, इतकेच काय पण कुकरची भांडीही भरून ठेवी. कोणी नळाला थेट मोटर लावली यावरून तळमजल्यावर दोन घरांत भांडण झाले. एरवी त्या दोन घरांत रोज वाटी-वाटीने भाजीची देवघेव चाले. शेवटी वर्गणी काढून टँकर मागवावा लागला. टँकर आला की आजीसुद्धा बादली घेऊन जिना उतरे. एकदा भरली बादली घेऊन चढताना ती पायरीवर घसरली. नशिबाने हाड मोडले नाही, पण पंधरा दिवस तिने अंथरूण धरले.

त्यानंतर जुलै उजाडला. महिन्याच्या ३१ तारखेला बडोद्यात एका दिवसात सुमारे ५०० मिलिमीटर पाऊस कोसळला. वर्षभरात जेवढा पडतो त्याच्या निम्म्याहून अधिक पाऊस एकाच दिवसात! विश्वामित्री नदी पात्र सोडून रस्त्यांवर आली आणि तिच्याबरोबर नदीतल्या मगरीही वस्तीत शिरल्या. मेमध्ये पाण्यासाठी भांडणारी आमची सोसायटी आता खालच्या टाकीत गढूळ पाणी शिरू नये म्हणून झाकणाभोवती वाळूची पोती रचत होती. तीच माणसे, तेच अंगण, आणि मधले अंतर दोन-अडीच महिन्यांचे. तेव्हा मला त्याची गंमत वाटली. आज त्याचा विचार करते तेव्हा वाटते की बडोद्याच्या पाण्याचे सारे कोडे त्या अडीच महिन्यांत होते.

बारवेपासून नर्मदेपर्यंत

बडोदे शहराने आजवर पाणी कोठून कोठून आणले, ते क्रमाने पाहू.

पहिला टप्पा विहिरी, तळी आणि बारवा यांचा. आपण ज्याला बारव म्हणतो त्याला गुजरातीत वाव म्हणतात. लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारात नवलखी वाव म्हणून एक सुंदर पायविहीर आजही आहे. ती पंधराव्या शतकाच्या आरंभीची, म्हणजे गायकवाडांच्याही तीनशे वर्षे आधीची. शहराच्या मध्यभागी सुरसागर तलाव आहे. या जुन्या व्यवस्थेचा विशेष असा की पाणी माणसाच्या पावलांच्या टप्प्यात होते. पायऱ्या उतरून पाणी आणायचे म्हटले की ते किती खाली गेले हे पाय सांगत. अहमदाबादच्या पोळांत आणि भडोचच्या जुन्या घरांत तर अंगणाखाली पावसाच्या पाण्याची टाकी बांधून घेण्याची रीत होती.

दुसरा टप्पा आजव्याचा. नर्मदेचे पाणी बडोद्यास आणावे असा विचार खंडेराव महाराजांच्याच मनात आला होता. पण १८७० मध्ये ते वारले आणि तो विचार तेथेच राहिला. सयाजीराव महाराजांनी नर्मदेऐवजी जवळचे पाणी अडवायचे ठरवले. पावागडच्या डोंगराकडून येणारे पाणी शहराच्या पूर्वेस सुमारे वीस किलोमीटरवर, आजवा येथे, मातीचा लांबलचक बांध घालून अडवण्यात आले. १८८५ मध्ये कामास आरंभ झाला आणि १८९० नंतर लवकरच शहरात नळ खेळू लागले. या तलावाला सयाजी सरोवर म्हणतात. ही योजना जगन्नाथ सदाशिवजी या देशी अभियंत्याच्या हातून पार पडली, याचा आपल्याला अभिमान वाटायला हवा. तलाव शहरापेक्षा उंचावर असल्यामुळे पाणी उताराने आपोआप येते, ते ढकलायला यंत्र लागत नाही. १९०१ च्या जनगणनेत बडोद्याची लोकसंख्या जेमतेम १ लाख ४ हजार होती, आणि योजना आखताना सुमारे ३ लाख माणसांचा विचार केलेला होता. वाढत्या शहराची अशी चिंता वाहणारे राज्यकर्ते विरळाच. आज सव्वाशेहून अधिक वर्षे लोटली तरी शहराच्या पूर्व भागाची तहान आजवाच भागवतो.

पण तीन लाखांची चिंता वाहिली म्हणून सतरा लाखांची वाहिली असे होत नाही. २०११ च्या जनगणनेत महानगरपालिका हद्दीतील लोकसंख्या सुमारे १६ लाख ७० हजार भरली. स्वातंत्र्यानंतर कारखाने आले, वसाहती झाल्या आणि आजवा अपुरा पडू लागला. तेव्हा तिसरा टप्पा सुरू झाला, तो मही नदीचा.

महीच्या पात्रात फाजलपूर, रायका, दोडका, पोईचा या ठिकाणी ज्या विहिरी आहेत त्यांना बडोद्यात 'फ्रेंच कुवा' म्हणतात. त्यांची रचना मला फार आवडली. नदीच्या वाळूत काँक्रीटची एक मोठी गोल विहीर खोलवर उतरवतात. तिच्या तळाशी, चाकाच्या आरांप्रमाणे, चहूकडे आडव्या नळ्या वाळूत घुसवतात. या नळ्यांना बारीक छिद्रे असतात. नदीचे पाणी वाळूच्या थरांतून झिरपत नळ्यांत येते आणि नळ्यांतून विहिरीत. म्हणजे गाळण्याचे बरेचसे काम वाळूच करते. विहिरीतले पाणी पंपाने उपसून जंतुनाशक क्लोरिन मिसळून शहराकडे पाठवतात. मात्र दोन गोष्टी येथे ध्यानात ठेवल्या पाहिजेत. आजव्याचे पाणी उताराने येते, तर महीचे पाणी विजेने ओढून आणावे लागते. आणि नदी वाहती असेल तरच वाळूत पाणी असते. वरच्या अंगाला कडाण्यासारखी धरणे आहेत. तेथून पाणी सोडले नाही तर खालची वाळू कोरडी होऊ लागते.

चौथा टप्पा नर्मदेचा. सरदार सरोवर धरणाची कोनशिला पंडित नेहरूंनी १९६१ मध्ये बसवली आणि २०१७ मध्ये ते पूर्ण होऊन राष्ट्रास अर्पण झाले. त्याचा मुख्य कालवा गुजरातेत ४५८ किलोमीटर धावून राजस्थानच्या सीमेला भिडतो. तो बडोद्याजवळून जात असल्यामुळे आज शहराला त्याचेही पाणी मिळते. खंडेराव महाराजांच्या मनातली गोष्ट अशी शतकाहून अधिक काळाने खरी झाली.

प्रत्येक पाण्याची किंमत

येथवरची हकिगत वाचून कोणालाही वाटेल की ही प्रगतीची कहाणी आहे. काही अंशी ती आहेच. पहाटे घागर घेऊन पायऱ्या उतरण्यात सुख नव्हते, आणि ते कष्ट बहुधा बायकांच्याच वाट्याला होते. जुने ते सारे सोने असे मी म्हणत नाही. आमच्या आजीला नळाचे मोल विचारावे!

परंतु हे चार टप्पे एका कागदावर खाली-खाली लिहिले तेव्हा मला एक गोष्ट दिसली. दर वेळी नवे पाणी दुरून आणले, आणि दुरून पाणी आले की जवळचे पाणी आम्ही विसरलो. नळ आले, बारवा ओस पडल्या. महीचे पाणी आले, विहिरी बुजवल्या. नर्मदेचे पाणी आले, तेव्हा तर वाटले की आता पाण्याचा विचारच करायला नको. शहराच्या पोटातून वाहणाऱ्या विश्वामित्रीकडे आम्ही सांडपाणी सोडण्याची जागा म्हणून पाहू लागलो. आपल्याकडे म्हण आहे, "आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार?" आम्ही पोहरे वाढवत गेलो, दोर लांब करत गेलो, पण आडाची चौकशी केली नाही.

आणि लांबच्या पाण्याची किंमत पैशांतच मोजायची नसते. सरदार सरोवराच्या पाण्याखाली मध्य प्रदेश, गुजरात आणि महाराष्ट्र या तिन्ही राज्यांतील गावे गेली. महाराष्ट्रातील बाधित गावे ३३, अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली, आजच्या नंदुरबार जिल्ह्यातली. मणिबेली हे त्यांतले आरंभीचे गाव. नर्मदेकाठच्या आदिवासी कुटुंबांनी आपली शेते, घरे आणि देवस्थाने सोडली. धरण हवे की नको हा मोठा वाद आहे आणि तो येथे सोडवण्याची माझी योग्यता नाही. कच्छ आणि सौराष्ट्राच्या कोरड्या गावांना या पाण्याने दिलेला आधारही खरा आहे. पण एवढे मात्र मला कळले की आमच्या मकरपुऱ्याच्या बादलीत जे पाणी पडते, त्यासाठी कोणाचे तरी अंगण बुडालेले असू शकते. मग तेच पाणी गच्चीवरच्या टाकीतून रात्रभर ओसंडून गटारात जाते, तेव्हा त्या कृत्याला नुसती उधळपट्टी म्हणून भागत नाही. ते कृतघ्नपण होय.

इतर शहरांचे अनुभव

बडोद्यावर अजून मोठी आपत्ती आली नाही, हे आमचे भाग्य. इतरांना असे भाग्य लाभले नाही. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरचे मांजरा धरण कोरडे पडले आणि मिरजेहून 'जलदूत' रेल्वेगाडीने पाणी न्यावे लागले. पहिल्या गाडीतून गेले ५ लाख लिटर. आकडा मोठा वाटतो. पण माणशी १०० लिटर धरले तर ते अवघ्या पाच हजार माणसांचे एका दिवसाचे पाणी आहे. २०१९ च्या उन्हाळ्यात चेन्नईचे तलाव आटले आणि तेथेही जोलारपेटहून रेल्वेने पाणी आले; तेच चेन्नई २०१५ मध्ये महापुरात बुडाले होते. दक्षिण आफ्रिकेतील केपटाऊन शहरात २०१८ साली माणशी दिवसाला ५० लिटर एवढीच मर्यादा घालावी लागली. लोकांनी ती पाळली, आणि नळ बंद पडण्याचा दिवस टळला.

आपल्या राज्याच्या राजधानीची गोष्ट तर आपल्या कन्नड विभागातील मित्रांना माझ्यापेक्षा अधिक माहीत असेल. २०२४ च्या मार्चमध्ये बेंगळूरच्या हजारो कूपनलिका कोरड्या पडल्या. पिण्याच्या पाण्याने मोटार धुणाऱ्याला ५,००० रुपये दंड ठरला. तळ्यांचे शहर म्हणून ज्याची ख्याती, ते शहर आज सुमारे शंभर किलोमीटरवरून कावेरीचे पाणी उचलून आणते. तेथेही दोर लांब झाला आणि आड बुजला.

आमच्या घराचा हिशेब

हे सारे वाचल्यावर मला वाटले की उपदेश करण्यापूर्वी आपल्या घरात पाहावे. सुटीत दहा दिवस मी आमच्या पाचजणांच्या घरातील पाणी बादलीने आणि मापाच्या भांड्याने मोजले. आई म्हणाली, "अभ्यास सोडून हे काय खूळ?" पण तिसऱ्या दिवसापासून तीच भांडी घासताना बादल्या मोजू लागली. दिवसाची सरासरी अशी निघाली :

आंघोळी — १२० लिटर
संडासातील फ्लश — २४० लिटर
कपडे धुणे — १४० लिटर
भांडी — ९० लिटर
फरशी व कुंड्या — ३० लिटर
स्वयंपाक व पिणे — २५ लिटर
पाणी शुद्ध करण्याच्या यंत्रातून वाया — ४० लिटर
मोरीतला गळका नळ — ३६ लिटर
एकूण — ७२१ लिटर

म्हणजे माणशी सुमारे १४४ लिटर. आपल्या देशात भुयारी गटारे असलेल्या शहरांसाठी माणशी १३५ लिटर हे सरकारी प्रमाण मानतात. आम्ही त्याहूनही थोडे अधिक वापरत होतो, आणि तरी वर्षानुवर्षे म्हणत होतो की आमच्याकडे पाणी पुरत नाही.

या कोष्टकातल्या दोन ओळींकडे वाचकांनी लक्ष द्यावे. पहिली, स्वयंपाक आणि पिण्याला लागते ते पाणी एकूण पाण्याचा जेमतेम तिसावा हिस्सा. इतक्या दुरून आणलेल्या, गाळलेल्या, निर्जंतुक केलेल्या पाण्याचा सर्वांत मोठा वाटा आम्ही संडासात ओततो. दुसरी ओळ गळक्या नळाची. नळाखाली एक लिटरचा तांब्या ठेवला, तो चाळीस मिनिटांत भरला. दिवसाचे ३६ लिटर, वर्षाचे १३ हजारांहून अधिक! "थेंबे थेंबे तळे साचे" हे आपण शाळेत शिकतो. थेंबे थेंबे तळे आटतेही, हे कोणी शिकवत नाही. बाबा दिवसभर कारखान्यात यंत्रे दुरुस्त करतात, पण घरचा नळ दोन वर्षे गळत होता. मी हिशेबाचा कागद त्यांच्यापुढे ठेवला. ते काही बोलले नाहीत. उठले आणि पाना घेऊन मोरीत गेले. आतले रबरी वायसर बदलायला दहा मिनिटे लागली.

मग आम्ही आणखी तीन गोष्टी केल्या. फ्लशच्या टाकीत पाण्याने भरलेली एक लिटरची बाटली ठेवली, त्यामुळे दर वेळी एक लिटर वाचू लागले. शुद्धीकरण यंत्राचे वाया जाणारे पाणी बादलीत धरून त्याने फरशी पुसू लागलो. कपड्यांचे शेवटचे खळबळलेले पाणी दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या धुण्याला ठेवू लागलो. नळाचे ३६, फ्लशचे २४, फरशीचे ३० आणि धुण्याचे ४०, असे दिवसाचे १३० लिटर वाचले. कोणाची आंघोळ कमी झाली नाही की कोणी तहानलेले राहिले नाही. चोवीस बिऱ्हाडांनी एवढेच केले तर महिन्याला ९३ हजार लिटरांवर पाणी वाचेल, म्हणजे पाच हजार लिटरचे अठरा टँकर.

गच्चीवरचा पाऊस

दुसरा हिशेब पावसाचा. बडोद्यात वर्षाला साधारण ९०० मिलिमीटर पाऊस पडतो. एक चौरस मीटर गच्चीवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी मिळते; हे सूत्र पाठ करून ठेवण्यासारखे आहे. शंभर चौरस मीटर छप्पर असलेल्या एखाद्या बैठ्या घरावर वर्षात ९० हजार लिटर पडतात. पाचवा हिस्सा वाया गेला असे धरले तरी ७२ हजार उरतात. पाच माणसांना १३५ लिटरप्रमाणे ते साडेतीन महिने पुरेल.

आमच्या इमारतीची गच्ची चारशे चौरस मीटरची. मोठ्या उत्साहाने मी गणित मांडले, उत्तर आले २ लाख ८८ हजार लिटर. पण खाली चोवीस बिऱ्हाडे! भागाकार केला तेव्हा ते पाणी जेमतेम सोळा-सतरा दिवसांचे निघाले. मी हिरमुसले. आजी म्हणाली, "अग, मेमध्ये तंगी किती दिवस होती? तीन आठवडेच ना?" मी पुन्हा कागद ओढला. प्रत्येक घराने १३० लिटर वाचवले असे धरून भागाकार केला, तेव्हा तेच पाणी वीस दिवसांवर गेले. तंगीचे दिवसही तेवढेच होते. नुसत्या पावसाने भागत नव्हते आणि नुसत्या काटकसरीनेही भागत नव्हते. दोहोंची जोड घातली तेव्हा गणित सुटले.

आता २०१९ च्या त्या दिवसाकडे वळू. ५०० मिलिमीटर पाऊस म्हणजे आमच्या एका गच्चीवर २ लाख लिटर पाणी, म्हणजेच चाळीस टँकर! मेमध्ये एकेका टँकरसाठी आम्ही वर्गणी काढली आणि जुलैत चाळीस टँकर आमच्याच पन्हळीतून रस्त्यावर सोडले. रस्त्यावरून ते विश्वामित्रीत गेले आणि पुराचे पाणी वाढवायला आम्हीच हातभार लावला. २०२४ च्या ऑगस्टअखेर बडोद्यात पुन्हा मोठा पूर आला, तेव्हाही तसेच घडले. पूर आणि टंचाई ही दोन संकटे नव्हेत. न अडवलेल्या पाण्याची ती दोन टोके होत.

हे पाणी साठवायला फार मोठी टाकी हवी हे खरे. परंतु गच्चीवरचे पाणी वाळू-खडीच्या गाळणीतून बोअरमध्ये सोडले तर जमीनच टाकीचे काम करते. पहिल्या पावसाचे धुळीचे पाणी तेवढे बाहेर काढून द्यायचे. आणि कारखान्याच्या आवारातले, तेल-रसायने सांडलेल्या जागेवरचे पाणी मात्र कधीही बोअरमध्ये सोडायचे नाही; औद्योगिक वसाहतीजवळ राहणाऱ्यांनी ही खबरदारी विशेष घ्यावी.

मी हा हिशेब सोसायटीच्या सभेत मांडला. सभेला अकरा घरांतून माणसे आली होती. "नर्मदेचे पाणी असताना हे कशाला?" असे एका काकांनी विचारले. वरच्या मजल्यावरच्या मावशींनी २०१९ च्या मेची आठवण दिली तेव्हा ते गप्प झाले. शेवटी सात घरांनी वर्गणी दिली आणि जिन्याकडच्या अर्ध्या गच्चीचे पाणी गाळणीतून बोअरमध्ये सोडायचे ठरले. बाबांनी नळ स्वतः जोडले. पहिल्या पावसाला मी येथे होते, म्हणून पाहता आले नाही. आईने दूरध्वनीवर सांगितले की पाणी नीट उतरले, फक्त एका सांध्यातून गळते आहे.

घराबाहेरचे काम

सगळे ओझे घरावर टाकणे न्यायाचे नाही, हेही लिहिले पाहिजे. आई कितीही बादल्या वाचवो, रस्त्याखालची मोठी नळवाहिनी फुटली तर एका रात्रीत तिच्या वर्षभराच्या बचतीवर पाणी पडते. जुन्या नळवाहिन्या तपासणे, गळती शोधणे, तळी व नदीपात्र मोकळे ठेवणे ही शहराच्या कारभाराची कामे आहेत आणि ती मागणे हा नागरिकांचा हक्क आहे. कारखान्यांना पिण्यायोग्य पाणीच लागते असेही नाही. शेजारच्या सुरत शहरात शुद्ध केलेले सांडपाणी २०१४ पासून पांडेसऱ्याच्या कारखान्यांना विकले जाते. एकदा वापरलेले पाणी तेथे पुन्हा कामाला येते, कारखानेही चालतात आणि तेवढे नदीचे पाणी माणसांसाठी उरते.

उपसंहार

सुटी संपवून बेळगावला परतले तेव्हा टिळकवाडीतील काँग्रेस विहीर मुद्दाम पाहून आले. १९२४ मध्ये महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली येथे काँग्रेसचे अधिवेशन भरले, तेव्हा प्रतिनिधींच्या पाण्यासाठी ती खोदली. येणाऱ्या पाहुण्यांना पाणी कोठून पाजायचे याचा विचार त्या लोकांनी अधिवेशनाच्या आधी केला, नंतर नव्हे. तहान लागल्यावर विहीर खणायला घेणारा नेहमीच उशिरा पोहोचतो.

वाचक मित्रमैत्रिणींना माझी एकच विनंती आहे. आज घरी गेल्यावर आपल्या नळाचे पाणी कोणत्या नदीचे, कोणत्या तलावाचे, किती दुरून आलेले, हे विचारून पाहा. घरात कोणालाच सांगता आले नाही तर शोधून काढा. मग एक तांब्या घ्या आणि घरातल्या गळक्या नळाखाली ठेवून घड्याळ पाहा. पुढचे काय करायचे ते तो तांब्याच सांगेल.

आत्याने परवा पुन्हा गमतीने विचारले, "काय ग, तुमच्या बडोद्याला पाणी कुठनं येतं?" मी सांगू लागले, "पावागडाच्या डोंगरातून आजव्यात, महीच्या वाळूतून, नर्मदेच्या कालव्यातून, आणि यंदापासून थोडंसं आमच्या गच्चीवरून." ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "बरं झालं. आता तो सांधा तेवढा नीट करून घ्यायला सांग बाबांना."